मागच्या बाथरूमची चौकशी

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, इथल्या वाकडच्याच एका दवाखान्यात, माझ्या मुलीपेक्षा लहान असलेल्या डॉक्टरणीने माझा अपमान केला. वेळ मी तिच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून ठेवली. चाकणच्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात नोकरी झाली माझी. काही घडलं की आधी वेळ टिपायची, मग शब्द, मग साक्षीदार. निवृत्त झाले तरी ही सवय गेलेली नाही. तिथे सगळ्या नोटिसा इंग्रजीत लिहिल्या. संताप मात्र मराठीतच नीट उतरतो, म्हणून ही वही मराठीत.

शब्द असे: "आंटी, तुमच्या रिपोर्टमध्ये ट्रायकोमोनास आलाय. खूप कॉमन आहे, गोळ्यांनी बरा होतो. पण हा शारीरिक संबंधातून येतो, त्यामुळे काकांनाही गोळ्या द्यायच्या."

साक्षीदार: दारात उभी असलेली नर्स. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं, म्हणजे तिने सगळं ऐकलं.

मी गेले होते खाज आणि अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन. या वयात साखर वाढली की असं होतं, एवढं मला वाचून माहीत आहे. साखर उत्तम निघाली. मी डॉ. तेजस्विनीला (बाहेर पाटीवर आडनावापेक्षा पदव्याच जास्त आहेत) सांगितलं की मी त्रेसष्ट वर्षांची आहे, दोन नातवंडांची आजी आहे आणि माझे यजमान देवमाणूस आहेत. ती म्हणाली, "वयाचं काही नसतं, आंटी. कोणाच्या चारित्र्याबद्दल मी बोलत नाहीये. हा फक्त एक जंतू आहे."

जंतू आपल्या पायांनी चालत आला का? टॉवेलवरून येतो का, संडासाच्या सीटवरून येतो का, असं मी विचारलं.

"जवळजवळ नाहीच."

जवळजवळ. हा शब्द मी धरून ठेवला. चौकशीत माणूस 'जवळजवळ' म्हणाला की दार तिथेच किलकिलं असतं.

तिने दोन पाकिटं दिली. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. "एक तुमचं, एक काकांचं. दोघांनी एकदम सुरू करा. एकानेच घेतलं तर परत येणार." मी 'थँक यू' म्हटलं, कारण शाळेत सिस्टर बर्नाडेटनी आम्हाला तसं वळण लावलं आहे, आणि बाहेर पडले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

संध्याकाळी चहाच्या वेळी लक्ष्मणरावांना सांगितलं. सांगायची लाज वाटली, पण अडतीस वर्षांच्या संसारात मी काही लपवलं नाही.

"अहो, ती म्हणते तुम्हीही गोळ्या घ्यायच्या."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"तेच मी तिला म्हटलं."

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि तसंच धरून बसले. ते विरघळून कपात पडलं तरी हात तिथेच. किती लागलं हो त्यांच्या मनाला. मग म्हणाले, "कशावरून येतो म्हणाली हा आजार?"

मी सांगितलं. जवळजवळ नाही, हेही सांगितलं.

"मागचं बाथरूम तानुबाई वापरते ना?" ते म्हणाले. "तूही वापरतेस, तिथे धरायला दांडी आहे म्हणून."

लक्ष्मणराव फार बोलत नाहीत. पण बोलतात तेव्हा नेमकं बोलतात. माझ्या डोक्यात दिवसभर जे घोळत होतं ते त्यांनी एका वाक्यात मांडलं.

तानुबाई काळेवाडीची. सकाळी भांडी-फरशी, संध्याकाळी पोळ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मिनल नावाची एक मुलगी आहे, ती चाकणला एका कंपनीत पॅकिंगला जाते. तानुबाईच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे. स्वयंपाकघरात मिक्सर वगैरे बंद असला की तिच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. पाहुणे दचकतात. तिला लघवीच्या गोळ्या असतात, सारखं जावं लागतं. बावीस मजल्यांच्या या टॉवरमध्ये कामवाल्या बायकांना संडास नाही आणि कोणी आपला वापरू देत नाही. मी देते. लेडीज ग्रुपमध्ये मी एकटी. सगळ्यांनी नाकं मुरडली तेव्हा मी ताठ मानेने सांगितलं होतं की आम्हाला नन्सनी माणुसकी शिकवली आहे.

त्याचं हे फळ.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. लक्ष्मणराव केव्हाचे निवृत्त झाले, पण गुरुवार त्यांच्या अंगातून जात नाही. त्या दिवशी दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा, आणि स्वारी संत तुकाराम नगरला, जिथे आम्ही आधी राहायचो. तिथे सोपानराव होते, लक्ष्मणरावांच्या शेजारच्या मशीनवरचे. ते करोनात गेले. मागे बायको कुंदा एकटी. नळ गळतो, पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो, गॅसची शेगडी बिघडते. कुंदाला यातलं काही जमत नाही आणि लक्ष्मणरावांना सगळं जमतं. दिवस तिथेच जातो.

मी दर गुरुवारी तिच्यासाठी डबा देते. आज भरलं वांगं आणि ज्वारीची भाकरी. एकटी बाई स्वतःसाठी काय रांधणार? तरी नीटनेटकी राहते, कपाळाला बारीकशी टिकली लावते, केस रंगवते. नवरा गेल्यावर बाईने कसं राहावं हे कुंदाकडून शिकावं.

दुसऱ्या पाकिटाचं काय करायचं ते ठरवलं. डॉक्टरणीचं तत्त्व मला मान्य आहे: ज्याच्याकडून आला त्याला आणि मला एकाच वेळी गोळ्या. फक्त माणूस कोण, ते तिला कळलं नाही. तिचा दोष नाही. आजकाल पुस्तकात तेच शिकवतात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चौकशी आज घेतली. कारखान्यात आरोपी कामगाराला खुर्ची द्यावी लागते. घरात तसा नियम नाही.

"तानुबाई, तुला अंगावरून जातं का?"

"न्हाई मॅडम."

"खाज?"

"न्हाई. का वो?"

"तुझ्या घरी कोण येतं-जातं?"

"कोन येनार? मी अन् मिनल. दिवाळीला भाऊ येतो."

"भावाचं विचारत नाही मी."

तेव्हा तिला कळलं. ओले हात पदराला पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. "मालक जाऊन अकरा वर्सं झाली, मॅडम."

"म्हणूनच विचारतेय."

मी पाकीट पुढे ठेवलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, माझ्यासमोर. ती दोन्ही वेळा येतेच, त्यामुळे वेगळी सोय करायला नको.

"मला झडपेच्या डाक्टरनी सांगितलंय," ती म्हणाली, "इचारल्याबिगर कुठलीबी गोळी खायाची न्हाई. माझं रगत पातळ ठेवत्यात वो. त्याची गोळी हाय रोजची. दर म्हैन्याला सुई टोचून बघत्यात, लई पातळ तर झालं न्हाई."

"ही जुलाबावरची गोळी आहे. लहान मुलांनाही देतात."

"मग इचारते की त्यास्नी. उद्याच जाऊन येते."

"आणि काय सांगशील? कोणता आजार म्हणून दिली? मॅडमच्या घरात काय आणून सोडलंस, सांगशील?" मी आवाज चढवला नाही. मी आवाज कधीच चढवत नाही. "मिनलसाठी स्थळ बघताय ना तुम्ही? त्या चिखलीच्या लोकांना कळलं तर ते काय म्हणतील, याचा विचार कर. मी कोणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस. दवाखान्यातसुद्धा नाही."

तिने पेल्यात पाणी भरून घेतलं. मग गोळी घेतली, पाणी प्यायली.

त्या वेळी तिची टिकटिक नेहमीपेक्षा भराभर चालली होती. अपराधी माणसाचं हृदय बोलतं म्हणतात. हिचं तर ऐकूही येतं.

मागच्या बाथरूमला कुलूप लावलं. "आता मी जाऊ कुठं?" म्हणाली. मी म्हटलं, गेटवर वॉचमनचं आहे. ते त्यांनी बंद ठेवलेलं असतं, असं तिचं म्हणणं. तो सोसायटीचा प्रश्न आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

माझी खाज जवळपास गेली. औषध उत्तम आहे, तोंडाला मात्र लोखंड चाटल्यासारखी चव येते.

तानुबाईच्या डाव्या दंडावर आज वांग्याच्या रंगाचा मोठा डाग दिसला. मनगटाजवळ दुसरा.

"काय लागलं?"

"बादली लागली जरा."

बादलीने असे डाग पडत नाहीत. कोणीतरी हात धरून ओढल्याशिवाय असे डाग पडत नाहीत. 'कोणी येत नाही' म्हणणाऱ्या बाईच्या दंडावर पुरुषाच्या पंजाएवढा डाग. चौकशीत यापेक्षा चांगला पुरावा मला क्वचित मिळाला असेल.

तिने गॅलरीत चूळ भरली तेव्हा थुंकी गुलाबी होती. मिश्री लावतात या बायका, हिरड्या सडतात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल दोघींचाही कोर्स संपला. मी बरी झाले.

आणि गंमत म्हणजे काल कुंदाकडून येताना लक्ष्मणरावांनी माझ्यासाठी अबोलीचा गजरा आणला. लग्नानंतर पहिल्या वर्षी आणला होता, त्यानंतर कालच. आजारपणात माझी काळजी वाटली असणार. आज दुपारी ते माझ्या खोलीत झोपायला आले. असे ते अधूनमधून येतात. मी कधी नाही म्हटलेलं नाही.

तानुबाईचे डाग पिवळे पडत चालले आहेत. औषधाने तिचंही भलंच झालं. उपकार मात्र तिला दिसत नाहीत. पोळ्या लाटताना एक शब्द बोलत नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी मी खिसे तपासते. लक्ष्मणरावांच्या पँटमध्ये गोळ्यांची पट्टी सापडली. नाव वाचलं तर माझ्याच पाकिटातली गोळी, तीच. दोन गोळ्या काढलेल्या.

परत आल्यावर विचारलं. ते दारातच उभे राहिले, बूट न काढता.

"कुंदाचं पोट बिघडलंय आठवडाभर. तिच्यासाठी घेतल्या मेडिकलमधून. दोन मी घेतल्या, मलाही जरा ढवळत होतं."

"मग आणखी घ्यायच्या होत्या. दोन गोळ्यांनी काय होतं?"

"बरं वाटलं, सोडल्या. आणि तिनेही. तोंड कडू होतं म्हणते."

बिचारी कुंदा. आठवडाभर पोट बिघडलं आणि मी आज तिला मटकीची उसळ पाठवली. पुढच्या गुरुवारी ताक-भात देईन.

एक समाधान: ही गोळी खरोखरच जुलाबावरची आहे. तानुबाईला मी सांगितलं ते खोटं नव्हतं.

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा तेच. खाज, तीच घाण. पुन्हा तोच दवाखाना, तीच डॉक्टरीण. रिपोर्टही तोच.

"काकांनी कोर्स पूर्ण केला होता ना, आंटी?"

"दोन्ही पाकिटं संपली." हे अक्षरशः खरं आहे.

ती पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिली. "मग परत व्हायला नको. काकांना एकदा घेऊन या ना. मी त्यांच्याशी एकटी बोलते. पुरुषांना बऱ्याचदा काही जाणवतच नाही, आणि सांगायलाही अवघड जातं."

"माझ्या यजमानांना काहीही झालेलं नाही. ज्याला काही जाणवत नाही तो आजारी, हे कुठलं शास्त्र?"

"आंटी, मी तुमच्या बाजूने आहे."

माझी बाजू कोणती, हे तिने परस्पर ठरवलं. पुन्हा दोन पाकिटं दिली आणि कोर्स संपेपर्यंत जवळीक नको, असं नर्ससमोर सांगितलं. बाहेर बसलेल्या पोरींनी माझ्याकडे बघितलं असेल. मी बघितलं नाही.

रिक्षात बसल्या बसल्या उलगडा झाला. तानुबाईने गोळ्या गिळल्याच नाहीत. जिभेखाली ठेवायच्या आणि मोरीत थुंकायच्या. गेटवर जाऊन येते म्हणायची ती त्यासाठीच. आणि कुलपाची किल्ली तर फ्रिजवर असते, हात पोचतो तिचा.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. क्लबहाउसमध्ये कार्यक्रम झाला, मुख्य भाषण माझं. विषय 'घराची स्वच्छता, कुटुंबाचं आरोग्य'. सगळ्या जांभळ्या साड्यांमध्ये. मी कोणाचंही नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की दयाबुद्धीने आपण कोणाला आपलं बाथरूम वापरू देतो आणि त्यातून असे आजार घरात येतात की ज्यांचं नाव चांगल्या घरात घेता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी असं झालं, असंही सांगितलं.

चहाच्या वेळी सातव्या मजल्यावरची आयटीवाली जवळ आली. "शरयूताई, तुमच्याकडची तानुबाई आमच्याकडेही येते. ती ठीक आहे ना?"

मी नुसती हसले. साक्षीदाराने कधी कधी नुसतं हसावं.

संध्याकाळपर्यंत तानुबाईची बाकीची दोन्ही घरं सुटली. ती माझ्याकडे पोळ्यांना आली तेव्हा डोळे सुजलेले होते. मी काही विचारलं नाही. मी तिला काढणार नाही. उपचार पूर्ण होईपर्यंत ती नजरेसमोर हवी. शिवाय तिच्यासारख्या पोळ्या अख्ख्या वाकडमध्ये कोणी करत नाही, हेही खरंच आहे. लक्ष्मणरावांना गार झाल्यावरही मऊ लागतात.

सोमवार, १० मार्च

दुसरं पाकीट सुरू केलं. या वेळी पद्धत कडक.

"जीभ वर कर. आता गाल दाखव."

तिने दाखवलं. मग म्हणाली, "मॅडम, मागल्या बारीला ह्या गोळ्यांनी अंगावर काळंनिळं आलतं. दात घासायला गेलं की रगत. मी कुनाला बोलले न्हाई, तुमी सांगितलं म्हनून. पर मला भ्या वाटतंय."

"गोळ्यांनी काळंनिळं येत नाही, तानुबाई. ते कशाने येतं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही."

"माज्या पोरीची शपत."

"पोरीला यात आणू नकोस. तिचं नाव आतापर्यंत मी वाचवलंय."

ती ओटा पुसायला लागली. टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग म्हणाली, "तेरा तारखेला रगत तपासायला जायाचं हाय. सकाळच्याला येनार न्हाई."

तेरा म्हणजे गुरुवार. लक्ष्मणराव घरी नसतात, गॅसवाला येणार आहे, आणि मुख्य म्हणजे सकाळचा डोस बुडेल. मी सांगितलं, कोर्स संपला की जा. एका आठवड्याने रक्त काही पळून जात नाही.

"तुमी म्हनाल तसं. एवढं एकच घर ऱ्हायलंय आता."

माणसाला वठणीवर यायला एवढंच लागतं.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. खाली पोरांनी डीजे लावला होता, लिफ्टमध्येही रंग.

तानुबाई संध्याकाळी पोळ्या लाटत होती आणि पोळपाटावर लाल थेंब पडला. मला वाटलं केसातून रंग गळला. पण ते नाकातून होतं. तिने पदर लावला, तो भिजला, तरी दुसऱ्या हाताने ती डाग पडलेली कणीक बाजूला काढत होती. मी सगळी कणीक फेकून द्यायला लावली आणि हात साबणाने धुऊन दुसरी मळायला सांगितली. ऊन बाधलं असणार. डोकं फार दुखतंय म्हणाली. डीजेने माझंही दुखत होतं.

लक्ष्मणराव पेपर घेऊन आत आले होते. त्यांनी पदराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तिला घरी जाऊ दे आज," म्हणाले. किती मऊ मन. मी म्हटलं, गोळी घेऊन जाईल.

तिने गोळी घेतली. जीभ न सांगता वर केली.

सोमवार, १७ मार्च

तानुबाई कालपासून गैरहजर. फोन बंद. कालच्या दोन गोळ्या पाकिटात तशाच शिल्लक. नेमका शेवट अर्धवट टाकून पळाली. आता पुन्हा मला झालं तर जबाबदार कोण?

पोळ्या बाहेरून आणल्या. चामड्यासारख्या.

मंगळवार, १८ मार्च

दुपारी बेल वाजली. मिनल. कंपनीचा निळा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, शिफ्ट अर्धी टाकून आलेली. आत ये म्हणायच्या आधी आत आली.

"काकू, आई आयसीयूत आहे. डोक्यात रक्तस्राव झालाय. रविवारी सकाळी मोरीत पडली, तेव्हापासून बोलत नाही. डोळे उघडत नाही."

मी म्हटलं, वाईट झालं. खरोखरच वाईट वाटलं.

"डॉक्टर म्हणतात तिचं रक्त एकदम पाण्यासारखं पातळ झालंय. तिच्या नेहमीच्या गोळीने एवढं होत नाही. बाहेरची कुठलीतरी गोळी चालू असणार, तीच वाढवते. कुठली, किती दिवस, ते कळलं तर पुढचं ठरवता येईल. कवटी उघडायची का नाही ते. काकू, तिने तुमच्याकडे कुठल्या गोळ्या घेतल्या?"

"माझ्याकडे? असं कोण म्हणतं?"

"शुक्रवारी घरी आली तेव्हा म्हणाली, मॅडमची गोळी संपेपर्यंत कळ काढायची. मी विचारलं कसली गोळी, तर म्हणाली, तुझं लग्न होईपर्यंत विचारू नकोस." तिचा आवाज फुटला. "मला बाकी काही नको, काकू. मी कोणाला काही बोलणार नाही. फक्त नाव सांगा. नाहीतर ते पाकीट द्या."

पाकीट फ्रिजवर होतं, तिच्या पाठीमागे, किल्लीशेजारी. त्यावर दवाखान्याचं नाव आहे, माझं नाव आहे आणि त्या डॉक्टरणीच्या वळणदार अक्षरात आजाराचं नाव आहे. ते आयसीयूत एका डॉक्टरच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाईल. तिथे सातव्या मजल्यावरच्या बाईचा भाऊ कामाला आहे. एका मोलकरणीच्या आजारासाठी मी माझं नाव असं फिरवायला द्यायचं?

"तुझी आई रक्त पातळ व्हायची गोळी स्वतः घेत होती," मी म्हटलं. "रक्त पातळ झालं. यात मी काय सांगणार?"

"काकू, पाया पडते."

ती खरंच वाकली. लक्ष्मणराव शेजारच्या खोलीत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

मी तिला शांतपणे सांगितलं की अशा गंभीर गोष्टी तोंडी होत नसतात. जे विचारायचं ते लिहून आण. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि जे बोलली ते शब्द मी इथे लिहीत नाही. समोरच्या शेजाऱ्यांचं दार किलकिलं झालं होतं. साक्षीदार आहे. जाताना तिने दार आपटलं.

गुरुवार, २० मार्च

सकाळी मिनलचे सहा फोन. उचलले नाहीत. मग मेसेज: "आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय म्हणतात. नाव सांगा. प्लीज."

लक्ष्मणराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. डबा हातात घेतला आणि दाराशी घुटमळले.

"अगं, नाव सांगून टाकलं तर?"

"मग विचारतील, ती गोळी आपल्या घरात का होती. मला का होती, ते विचारतील. आणि मग तुम्हालाही बोलावतील, ती तेजस्विनी तर टपलीच आहे."

ते खाली बसून बुटाची नाडी बांधू लागले. फार वेळ बांधत होते. "तेही खरं," म्हणाले, आणि गेले. आज कुंदासाठी साबुदाण्याची खिचडी दिली आहे. तिचं पोट अजून पूर्ण बरं नाही म्हणे.

घर शांत आहे. इतकं, की स्वयंपाकघरात गेले तर काहीतरी बंद पडल्यासारखं वाटलं. फ्रिज चालू होता. भिंतीवरचं घड्याळही चालू होतं.

सकाळपासून मला पुन्हा खाज सुरू झाली आहे. शनिवारपर्यंत मी समोर उभी राहून गोळ्या घ्यायला लावल्या, जीभ बघितली, गाल बघितला. आणि तरीही. म्हणजे ती मागचं बाथरूम चोरून वापरत होती, हे आता सिद्ध झालं. चौकशी पूर्ण झाली. उरली फक्त नोटीस. मिनल या प्रकरणात पक्षकार नाही, त्यामुळे ती थेट आरोपीच्या नावाने काढली. मसुदा इथे उतरवून ठेवते, स्वच्छ प्रत कुरिअरने आजच जाईल.

प्रति,
तानुबाई, राहणार काळेवाडी,
सध्या मुक्काम अतिदक्षता विभाग.

विषय: कारणे दाखवा नोटीस.

तुम्हाला मनाई केली असतानाही तुम्ही या घरातील मागच्या बाथरूमचा वापर केला, त्यातून या घरातील व्यक्तीस एकदा नव्हे तर तीनदा आजार झाला, दिलेला उपचार तुम्ही अर्धवट सोडला, कोणतीही पूर्वसूचना न देता रविवारपासून कामावर गैरहजर राहिलात आणि तुमच्या मुलीने दिनांक १८ मार्च रोजी या घरात येऊन असभ्य भाषा वापरली, असे आरोप तुमच्यावर आहेत.

या आरोपांबाबत तुमचा खुलासा लेखी, तुमच्या स्वतःच्या सहीने अथवा अंगठ्याने, शनिवार दिनांक २२ मार्च २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्याकडे पोहोचला पाहिजे. तुमच्या वतीने इतर कोणी तोंडी किंवा फोनवर केलेले निवेदन ग्राह्य धरले जाणार नाही. खुलासा मिळेपर्यंत औषधासंबंधी कोणतीही माहिती देण्यास मी बांधील नाही.

ठरलेल्या मुदतीत तुमच्याकडून उत्तर आले नाही, तर तुम्हाला काहीही म्हणायचे नाही असे समजून हे प्रकरण बंद करण्यात येईल.